हातचा न घेणाऱ्या संख्येस

प्रिय १२३४५६७८९८७६५४३२१,

विठ्ठलवाडीहून मुंबईच्या गाडीत बसलं की कल्याण, ठाकुर्ली आणि मग तुझं स्टेशन. आज ते डोंबिवली, जी.आय.पी. रेल्वेच्या दिवसांत डेमलो. तिथेच दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांना तुझ्या कुळाचा विचार सुचला आणि त्यांनी त्याला स्टेशनचंच नाव दिलं : डेमलो संख्या. रोज इतकी माणसं त्या फलाटावर चढतात-उतरतात, पण त्याचं नाव गणितात गेलंय हे फार थोड्यांना ठाऊक असतं. याची मला मनापासून हळहळ वाटते.

दिवाळीच्या सुट्टीत पाचवीतल्या भाचीला घेऊन तुला चौकटीच्या वहीत मांडलं. नऊ एक्के गुणिले नऊ एक्के. नऊ ओळी, दर ओळ एक घर डावीकडे सरकलेली. बेरजेला उजवीकडून पहिल्या घरात एक, पुढे दोन, तीन, थेट नवव्या घरात नऊ. तिथून पुन्हा उतार. हातचा कुठेच नाही. म्हणून तर तू उलट-सुलट सारखीच.

"मग दहा एक्के घेऊ," भाची म्हणाली. उत्तर आलं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ गायब! मधल्या घरात दहा झाले, हातचा शेजारच्या नऊला लागला. त्याचेही दहा झाले आणि त्याचा हातचा लागून आठाचा नऊ झाला. हा आठ शोधण्यात आमची अख्खी दुपार गेली.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त अठरा स्थानं आहेत, शेवटचं परार्ध. तू त्याच्या एकच पायरी अलीकडे, 'मध्य' या स्थानापासून सुरू होतेस. एवढी मोठी असूनही तुला फोडलं तर तीनच मूळ संख्या हाती लागतात : ३, ३७ आणि ३३३६६७. तुझ्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तुला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, म्हटलं. एक एक्का ते नऊ एक्के, या नऊ वर्गांत हर्षद तीनच : १, १२३२१ आणि तू.

कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, ठाण्यात शिकले आणि १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर होते. ६१७४ मुळे त्यांचं नाव जगभर गेलं. मला मात्र तू जास्त जवळची, कारण तुझं सगळं गुपित पाचवीच्या गुणाकारात उलगडतं.

परवा गाडी डोंबिवलीला थांबली. भाची पाटीकडे बघत तुला पुटपुटत होती. नवापर्यंत चढून परत एकापर्यंत उतरेस्तोवर गाडी सुटलीसुद्धा.

तुझी,
विठ्ठलवाडीची एक मावशी