बोलोन्यातील नव्वद दिवस

मुलगा किंवा मुलगी परदेशी स्थिरावली, की आईवडिलांच्या भेटीचा विषय दरवर्षी घरात निघतो. तिकिटे, व्हिसा, थंडीचे कपडे, सोबत न्यायची पिठे आणि मसाले यांची सविस्तर चर्चा होते. परंतु सत्तरी ओलांडलेल्या माणसाने तेथे सकाळी मुले कामावर गेल्यापासून संध्याकाळी ती परतेपर्यंत करायचे काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. भेट सुखाची होणार की कोंडल्यासारखी, हे मात्र त्याच आठ-नऊ तासांवर ठरते. उत्तर इटलीतील बोलोन्या या सुमारे चार लाख वस्तीच्या शहरात मी काही वर्षे राहते आहे. माझे आईवडील येथे येऊन राहून गेले. त्या दिवसांत हे शहर आपल्या वृद्ध माणसांशी कसे वागते, हे मला नव्याने दिसले. आपणांपैकी कोणी अशा भेटीच्या तयारीत असेल, किंवा घरी कोणा ज्येष्ठाची काळजी वाहत असेल, तर यातील काही गोष्टी उपयोगी पडतील.

बोलोन्याची पहिली ओळख म्हणजे तेथील पोर्तिको. आपल्याकडच्या जुन्या वाड्याला पडवी असते, तशी येथे घराघराला रस्त्याच्या बाजूने कमानींची पडवी आहे. आणि एका घराची पडवी पुढच्या घराच्या पडवीला जोडलेली. अशा रीतीने सारे शहरच छपराखाली आले आहे. सर्व पोर्तिकोंची लांबी एकत्र केली, तर ती सुमारे ६२ किलोमीटर भरते. १२८८ साली शहराने नियमच केला, की नव्या घराला पोर्तिको असलाच पाहिजे आणि तो किमान सात बोलोन्यी फूट, म्हणजे सुमारे २.६६ मीटर उंच असावा. घोड्यावर बसलेल्या माणसालाही खालून जाता यावे, हा त्यामागील हेतू. जागा घरमालकाची, पण वाट सर्वांची, ही रीत आजही टिकून आहे. २०२१ मध्ये युनेस्कोने या पोर्तिकोंचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

वारशाचा मान मोठा खरा; पण वृद्ध माणसाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते वेगळेच आहे. डोक्यावर छप्पर असल्यामुळे ऊन, पाऊस, बर्फ यांची धास्ती नाही. वाहने पलीकडे, चालणारा अलीकडे. दर चार-पाच पावलांवर एक खांब. दम लागला तर टेकायला, तोल गेला तर धरायला. सावधगिरी मात्र येथेही हवी. काही पोर्तिकोंतील गुळगुळीत फरशी ओली झाली की पाय सरकतो, आणि मधेच एखाददुसरी पायरी लागते. रबरी तळव्याचे बूट आणि हातात काठी असावी.

सर्वांत लांब पोर्तिको शहराच्या सारागोत्सा वेशीपासून सान लुका टेकडीवरील देवळापर्यंत जातो. त्याची लांबी चार किलोमीटरला थोडी कमी आणि कमानी ६६६. त्याच्या बांधणीमागील कथा आपल्या मनाला जवळची वाटेल. १४३३ साली अवकाळी पावसाने पिके बुडू लागली, तेव्हा टेकडीवरील मरियमेची प्रतिमा मिरवणुकीने शहरात आणली गेली आणि पाऊस थांबला, अशी श्रद्धा आहे. तेव्हापासून दरवर्षी ईस्टरनंतर काही आठवड्यांनी, बहुधा मे महिन्यात, ही प्रतिमा खाली येते, सुमारे आठवडाभर शहरातील मुख्य देवळात राहते आणि पुन्हा वर जाते. वाटेत भक्तांना पावसाचा त्रास होऊ नये, म्हणून १६७४ पासून हा पोर्तिको बांधला गेला. रस्त्याच्या कडेने उभी असलेली म्हातारी माणसे आणि प्रतिमा दिसताच जोडले जाणारे हात पाहून माझ्या आईने आपसूक पदर सारखा केला. पालखी म्हणजे काय, हे तिला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

येथे वडिलांविषयी थोडे सांगणे भाग आहे. वर्षभरापूर्वी ते पुण्यात घराजवळच पडले होते. हाड मोडले नव्हते, जखमही लवकर भरली; पण त्यांनी संध्याकाळचे फिरणे सोडले. पडण्याची भीती ही पडण्याइतकीच हानिकारक असते. माणूस चालणे कमी करतो, त्यामुळे पायांतील बळ आणि तोल कमी होतो, आणि त्यातून पुन्हा पडण्याचा धोका वाढतो. हे चक्र समजावून सांगून सुटत नाही. बोलोन्यात आल्यावर पहिले चार दिवस ते खिडकीशी बसून राहिले. पाचव्या दिवशी मी त्यांना एवढेच म्हटले, “बाबा, कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत किती खांब आहेत, मोजून सांगाल?” ते गेले आणि एकोणीस खांब मोजून आले. दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानापर्यंत, पुढच्या आठवड्यात बाजारापर्यंत. महिन्याच्या शेवटी सान लुकाच्या वाटेवरील मेलोन्चेल्लो कमानीपर्यंतचा जवळजवळ सपाट असलेला टप्पा त्यांनी थांबत थांबत पार केला. त्यापुढील चढ गुडघ्यांना सोसणारा नाही. वर देवळापर्यंत आम्ही पर्यटकांच्या छोट्या गाडीने गेलो.

त्यांना सोबतीही मिळाले. बोलोन्याच्या बोलीत ‘उमारेल’ असा एक शब्द आहे. निवृत्त झालेले, हात पाठीमागे बांधून रस्त्यावरचे बांधकाम तासन्‌तास न्याहाळणारे आणि मजुरांना न मागितलेला सल्ला देणारे आजोबा म्हणजे उमारेल. हा शब्द आता इटालियन शब्दकोशातही गेला आहे. शहरात २०२३ पासून ट्रामच्या मार्गासाठी रस्ते खणले जात असल्यामुळे या मंडळींना काम भरपूर. माझे वडील निवृत्त ओव्हरसिअर. कुंपणाशी उभे राहून उतार चुकला आहे की बरोबर, याची चर्चा ते एका उमारेलशी हातवाऱ्यांनी करीत. एकाला मराठी येत होती, दुसऱ्याला इटालियन. दोघांचेही काही अडत नव्हते. घरी येऊन ते आईला त्या दिवशीच्या खोदकामाचा वृत्तांत देत. निवृत्त माणसाला करमणुकीपेक्षा आपल्या नजरेला आणि अनुभवाला अजून काही किंमत आहे, ही जाणीव अधिक हवी असते.

आता जेवणाविषयी. शाकाहारी माणसाची येथे उपासमार होत नाही. मात्र विचारून खावे. सुका पास्ता बहुतेक केवळ गव्हाच्या रव्याचा असतो, परंतु बोलोन्याच्या ताज्या ताल्यातेल्लेत अंडे असते. पियादिना ही आपल्या पोळीच्या जवळची भाकरी. पण तिच्यात परंपरेने डुकराची चरबी घालतात. ‘सेन्त्सा स्त्रुत्तो’, म्हणजे चरबीशिवाय, असे सांगितले की ऑलिव्ह तेलाची मिळते. पार्मेजान चीज घट्ट करण्यासाठी वासराच्या जठरातील द्रव्य वापरले जाते. ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांनी आधीच जाणून घ्यावे. शिवाय ते खारट असते, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णांनी बेतानेच घ्यावे. मक्याच्या पिठाची पोलेन्ता दातांना सोपी आणि उकडीची आठवण करून देणारी. कडधान्ये व भाज्या घातलेली दाट सुपे संध्याकाळच्या हलक्या जेवणाला उत्तम. नळाचे पाणी पिण्यास योग्य आहे.

घराचेही पाहावे. जुन्या इमारतींत पुष्कळदा लिफ्ट नसते. आईवडील येणार असतील तर मुलांनी हे ध्यानी ठेवून घर निवडावे. एक दिलासा असा, की १९७५ च्या एका सरकारी नियमामुळे येथील घरांत संडासाशेजारी धुण्याचे स्वतंत्र भांडे, म्हणजे बिदे, असतेच. पाण्याच्या सोयीवाचून अवघडणाऱ्या आपल्या ज्येष्ठांची मोठी चिंता त्यामुळे मिटते. येण्यासाठी एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा पुण्यालाही लाजवतो, आणि १५ ऑगस्टच्या सुमारास अनेक दुकाने व दवाखाने सुट्टीवर असतात. हिवाळ्यात या मैदानी भागात धुके आणि बोचरी थंडी असते.

आरोग्याची तयारी घरूनच करून निघावे. औषधे हातातील पिशवीत ठेवावीत, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधांची मूळ नावे लिहून घ्यावीत. आपल्याकडची व्यापारी नावे तेथील औषधविक्रेत्याला कळणार नाहीत. उन्हाळ्यात इटलीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. आपली सकाळी आठची गोळी उन्हाळ्यात तेथे पहाटे साडेचारला येते. इन्सुलिन वा रक्तदाबाच्या औषधांच्या वेळा कशा सरकवायच्या, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. विमानात दर तास-दोन तासांनी उठून चार पावले टाकावीत, घोटे हलवीत राहावे. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा लागतो. पण पूर्वीपासून असलेल्या आजारांचा खर्च त्यात धरला आहे का, हे बारीक अक्षरांत वाचावे. हिरव्या क्रुसाची पाटी म्हणजे औषधाचे दुकान. तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२. घराचा पत्ता, मुलांचा क्रमांक आणि आजारांची नोंद इटालियनमध्ये लिहिलेली चिठ्ठी खिशात असावी. मुलांनीही आपले एक काम विसरू नये: आईवडील राहायला आले, की ४८ तासांच्या आत पोलिसांना तसे कळवावे लागते.

काळजी घेणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे, अशी एक गोष्ट येथील मार्गेरिता उद्यानात दिसते. इटलीत दर चार माणसांमागे जवळजवळ एक पासष्टीपुढील आहे, आणि मुले नोकरीवर असतात. म्हणून पुष्कळ घरांत ‘बादान्ते’, म्हणजे काळजीवाहू बाई ठेवलेली असते. बहुधा युक्रेन, मोल्दोव्हा, रुमानिया अशा देशांतून आलेली. बाकावर आजी, शेजारी ती. हे दृश्य रोजचे. परंतु गुरुवारी दुपारी आणि रविवारी या बायका आपल्या मैत्रिणींच्या घोळक्यात दिसतात. घरी मुक्कामाने राहणाऱ्या काळजीवाहूला आठवड्यातून ३६ तासांची विश्रांती मिळाली पाहिजे, असे तेथील करारात लिहिले आहे. आपल्या घरांत हे काम करणारी सून, मुलगी किंवा पत्नी असते आणि तिचा गुरुवार कोणीच लिहून ठेवलेला नसतो. आपण तो ठरवून द्यावा. थकलेल्या हातांनी घेतलेली काळजी रुग्णालाही जाणवते.

पर्यटकाच्या व्हिसावर १८० दिवसांत नव्वद दिवसच राहता येते, आणि आईवडिलांना कायमचे जवळ आणण्याचे नियम कडक आहेत. त्यामुळे नव्वदावा दिवस येतोच. आई सामान भरताना म्हणाली, “पुढच्या वर्षी जमेल न जमेल, डबे कुठे ठेवलेत ते बघून ठेव.” या वयात प्रत्येक निरोपाला हा अर्थ असतो, तो नाकारण्यात काही हशील नाही. त्यापेक्षा त्या तीन महिन्यांतून परत जाताना सोबत काय न्यायचे, हे पाहावे.

वडिलांनी मोजणे नेले. पुण्यात पोर्तिको नाहीत. पण इमारतीच्या तळमजल्यावर वाहने उभी करण्याच्या जागेत छप्पर आहे, सपाट जमीन आहे आणि खांब आहेत. पहाटे वाहने हलण्यापूर्वी काठी घेऊन ते तेथे फेऱ्या घालतात. गुडघा दुखला त्या दिवशी एकच फेरी होते, कधी तीही होत नाही. पूर्वी फोनवर मी त्यांना औषध घेतले का, एवढेच विचारीत असे. आता आधी विचारते, “आज किती खांब झाले?” आपली मुले दूर असतील तर त्यांना असा एखादा प्रश्न विचारायला सांगावे, आणि आपण मुलांच्या जागी असाल, तर आजच्या फोनमध्ये तो विचारून पाहावा.