तारखेपलीकडची माणसं

सानपाड्याहून पनवेल लोकलने निघालं की चौथं स्टेशन बेलापूर. तिथल्या किल्ले गावठाणात सिद्दींनी बांधलेल्या आणि पुढे पोर्तुगीज, मराठे, इंग्रज अशा हातांतून गेलेल्या किल्ल्याचे अवशेष आहेत. कुणी कुणाकडून जिंकला हे सांगितलं की सोबतची माणसं माना डोलावतात. पण इथून एक भुयार खाडीखालून थेट घारापुरीला जातं, असं गावकरी सांगतात. एवढं म्हणायचा अवकाश, लगेच प्रश्न येतो : 'मग? आत गेलं होतं का कुणी?'

ऐतिहासिक प्रेमकथेत अद्भुताची ओढ का वाटते, ते या प्रश्नात आहे. इतिहासाचा निकाल लागून गेलेला असतो. गड पडला, फौज कापली गेली, हे वाचकाला पहिलं पान उघडण्याआधीच ठाऊक असतं. ज्याचं माणूस त्या फौजेत होतं, त्याच्या मनाला मात्र तो निकाल मान्य नसतो. शाप, पुनर्जन्म, मेलेल्याची हाक या गोष्टी त्या न मानणाऱ्या मनाच्या बाजूने उभ्या राहतात.

पार्वतीबाईंचंच बघा. 1761 साली पानिपतावर मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ पडले. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी ते कधीच मानलं नाही. शेवटपर्यंत त्यांनी सौभाग्यलेणं उतरवलं नाही. पुढे 'मीच भाऊ' म्हणत एक तोतया उभा राहिला आणि 1776 मध्ये त्याला देहदंड झाला. गेलेला नवरा परत आल्याची ही वार्ता वाड्यात पोचली असेल, तेव्हा कपाळावरच्या कुंकवाला काय वाटलं असेल? ते कागदपत्रांत सापडणार नाही. तिथे कादंबरीकारालाच जावं लागतं, आणि भुताखेतांना सोबत घेऊन गेला तरी तो फार दूर गेला असं मी म्हणणार नाही.

मराठीत ही वाट जुनी आहे. हळब्यांची 'मुक्तामाला' 1861ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' 1868ची, दोन्ही अद्भुतरम्य. गुंजीकरांची 'मोचनगड' ही ऐतिहासिक कादंबरी आली ती नंतर, 1871 साली. पुढे नाथमाधवांनी 'वीरधवल' लिहिली. सिंहगडाच्या कड्यावरून पडून त्यांचं कमरेखालचं शरीर लुळं झालं होतं. पाय गेलेल्या या माणसाने राजवाडे, प्रीती आणि चमत्कारांनी भरलेलं जग उभं केलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या वाचक त्यामागे धावले. अद्भुताची गरज कुठून येते, याचा याहून बोलका दाखला मला माहीत नाही.

निकाल ठाऊक असूनही न मानणारं हेच मन डायना गॅबल्डनच्या 1991च्या 'आउटलँडर' कादंबरीतही आहे. 1945 मधली परिचारिका उभ्या शिळांमधून 1743च्या स्कॉटलंडमध्ये पोचते. तीनच वर्षांनी कलोडनच्या लढाईत तिथल्या लोकांचा पराभव होणार, हे तिला ठाऊक आहे. तरीही ती तिथल्या एका माणसाला जीव लावते.

लेखकाने एक पथ्य पाळावं. चमत्काराने पराभव पुसू नये. भाऊसाहेब पानिपत जिंकून परत आले, तर पार्वतीबाईंची वाट पाहणं कवडीमोल होईल. पराभव तसाच राहून प्रेमाला वाचा फुटली, तर ती कादंबरी खरी. अशा पुस्तकांना 'टाइमपास' म्हणून हिणवू नका. वाचनालयात 'वीरधवल' मागा आणि घरातल्या तरुण मुलामुलींच्या हातात द्या.