मूल खेळतंय की राबतंय?

एप्रिलमध्ये उन्हाळी शिबिरं सुरू होतात आणि मेच्या मध्यापासून माझ्या ओपीडीत गुडघा, टाच किंवा कंबर धरून येणारी मुलं वाढतात. बहुतेकांचं वय 10 ते 15. आईवडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला, "डॉक्टरसाहेब, पुढच्या हप्त्यात सिलेक्शन आहे. तोवर खेळला तं चालते न?"

त्यांची घाई मला कळते. जितेश शर्मा अमरावतीचा, अथर्व तायडे अकोल्याचा. आपल्याकडचं पोरगं टीव्हीवर दिसलं की आशा वाटणारच. पण त्या आशेचा भार मुलाच्या हाडांवर पडतो, म्हणून हे समजून घ्या.

वाढत्या वयात हाडांच्या टोकांजवळ मऊ कूर्चा असते. उंची वाढते ती तिथूनच, आणि सगळ्यात कच्ची जागाही तीच. मांडीचा मोठा स्नायू गुडघ्याखाली नडगीच्या हाडाला जोडलेला असतो. सतत धावून, उड्या मारून त्या जागी ओढ बसली की ती दुखते, टेंगूळ येतं. याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. घाबरू नका, खेळ कमी केला की बहुतेक मुलं बरी होतात.

कंबरेचं मात्र वेगळं आहे. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलाची कंबर मागे वाकताना दुखत असेल, तर मणक्याला बारीक तडा असू शकतो. तिथे बाम लावून खेळवू नका. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने 13 वर्षांखालील वेगवान गोलंदाजांसाठी एका स्पेलमध्ये 5 आणि दिवसात 10 षटकांची मर्यादा घालून दिली, ती यासाठीच.

मग सराव किती करावा? बालरोगतज्ज्ञ एक सोपं गणित सांगतात. आठवड्याचे सरावाचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त नकोत. 12 वर्षांच्या मुलाला 12 तास पुरेत. आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी हवी. वर्षात थोडेथोडे करून तीन महिने तरी त्या खेळातून विश्रांती हवी. या काळात मूल पोहू दे, सायकल चालवू दे.

"एकच खेळ धरला नाही तर मागे पडेल," ही भीती बहुतेक खेळांत खरी नाही. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे. 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. मल्लखांब, खो-खो, कबड्डी या आपल्या खेळांत पकड, तोल, चपळाई असं सगळंच येतं. लहानपणी शरीराला अशीच विविधता लागते.

बर्फावर हॉकी खेळणाऱ्या अमेरिकेतही हेच शिकवतात. तिथे 8 वर्षांखालील मुलांना पूर्ण मैदानाऐवजी त्याच्या लहान भागात खेळवतात, म्हणजे प्रत्येकाला खेळायला जास्त मिळतं. अंगावर धडकून अडवण्याची परवानगी 2011 च्या निर्णयानंतर 13 वर्षांखालील मुलांना नाही. मूल म्हणजे छोट्या मापाचा मोठा माणूस नव्हे, हे तिथल्या नियमातच आलं.

आपल्याकडे त्यात ऊन. अकोल्याचा पारा मे महिन्यात 45 च्या आसपास जातो. सराव सकाळी लवकर किंवा दिवस मावळताना ठेवा, दर 15-20 मिनिटांनी पाणी द्या. मूल अडखळू लागलं, बरळू लागलं, तर लगेच सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखान्यात आणा.

मूल लंगडत असेल, रात्री दुखण्याने जागं होत असेल, सांधा सुजला असेल, दुखण्यासोबत ताप असेल किंवा कंबर दोन आठवड्यांहून अधिक दुखत असेल, तर सिलेक्शनची वाट पाहू नका. तपासून घ्या.

शिबिराची फी भरण्याआधी कोचला तीन गोष्टी विचारा: सुट्टी कोणत्या दिवशी? पाणी किती वेळाने? दुखलं तर काय करता? "दुखलं तरी खेळायचं," असं उत्तर आलं, तर दुसरं ग्राउंड शोधा.