वापसा नव्हता म्हणून बुद्धिबळ

रविवारी रानात वापसा नव्हता, सोयाबीनची कोळपणी थांबलेली. म्हणून परभणीला बुद्धिबळाच्या स्पर्धेत खेळून आलो. प्रत्येकाला 15 मिनिटं, वर दर चालीला 10 सेकंद. पहिल्याच फेरीत समोर नववीतली पोरगी. म्हणलं, हे तर लेकरू.

शेवटाला दोघांकडं राजा आणि प्यादीच उरली. माझं एक प्यादं जास्त. कडेचं प्यादं मूळ घरातच होतं, तिचं एक प्यादं शेजारच्या पट्टीत दोन ओळींवर येऊन उभं. एक घर सरकलो तर ती मारणार, म्हणून एकदम दोन घरं टाकलं. आता दोन्ही प्यादी शेजारी शेजारी. तर तिनं माझं प्यादं उचललं आणि आपलं ठेवलं त्याच्या मागच्या रिकाम्या घरात!

"अगं, ही बेइमानी झाली," मी म्हणलो, तेही मोठ्यानं. सगळा हॉल बघायला लागला. पोरगी काही बोलली नाही. घड्याळ थांबवलं, पंचांना बोलावलं. पंच म्हणाले, तिचं बरोबर आहे. प्यादं दोन घरं टाकून शेजारच्या प्याद्याचा मारा चुकवत असेल, तर ते एकच घर चाललंय असं धरून मारता येतं. फक्त लगेच, पुढच्याच चालीला.

आमच्या पारावर देशी पद्धत. प्यादं एकच घर चालतं, राजा एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी घेतो. पंजाबातला मीर सुलतान खानही देशी खेळच आधी शिकला होता. पण त्यानं पुढं नवे नियम शिकून घेतले आणि 1929, 1932, 1933 असा तीनदा ब्रिटनचा विजेता झाला. मी दोन घरांची चाल तेवढी पोरांकडून ऐकून उचलली. औषध आणायचं, लेबल वाचायचं नाही, तसली गत.

तिचं प्यादं दोन चालीत वजीर होणार होतं, माझा राजा पार दुसऱ्या टोकाला. डाव सोडला. हात मिळवताना म्हणलं, "माफ कर बाई, उगं ओरडलो." तर म्हणती, "काका, मी तर पहिल्यांदा रडले होते."

संध्याकाळी पारावर सांगितलं, तर म्हातारी मंडळी ऐकायलाच तयार नाहीत. तुमच्याकडं प्यादं किती घरं चालतं, कळवा. आज वापसा आलाय, कोळपं जुंपतो.