गाठ लागत नसताना

तोंडाच्या कर्करोगात जिभेवरचा किंवा गालाच्या आतला व्रण लहान असेल, तर तो काढण्याबद्दल सहसा दुमत होत नाही. मतभेद होतो तो मानेबद्दल. चाचपून गाठ लागत नसलेल्या मानेतील लसिका ग्रंथी, म्हणजे कर्करोगाच्या पेशी बहुधा सर्वांत आधी जिथे अडकतात त्या बारीक गाठी, व्रणाबरोबरच काढाव्यात की गाठ आलीच तर काढाव्यात, हा वाद शल्यचिकित्सकांत कित्येक दशके चालला. थांबा म्हणणाऱ्यांचा मुद्दा हलका नव्हता, कारण अशा बहुतेक रुग्णांच्या मानेत रोग नसतोच, आणि ग्रंथी काढताना खांदा उचलणाऱ्या स्नायूची नस नुसती ताणली गेली तरी हात डोक्यावर नेणे जड जाते. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत ड्रम हलवणाऱ्याचे किंवा दौंडच्या शिवारात ऊस तोडणाऱ्याचे पोट त्या खांद्यावरच चालते.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २००४ पासून डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी हा प्रश्न चाचणीने तपासला. रुग्ण चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गटांत विभागले गेले आणि २०१५ मध्ये पहिल्या ५०० जणांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते, तर वाट पाहिलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. ठरलेल्या वेळी तपासणी होत असतानाही एवढा फरक पडला, हे विशेष गंभीर आहे; दौंडहून रात्रीची गाडी धरायची, दोन दिवसांची हजेरी बुडवायची आणि दुखत तर काहीच नाही, अशा स्थितीत तिसरी-चौथी तपासणी चुकणे स्वाभाविक असते, आणि मग लक्ष ठेवण्याच्या नावाखाली प्रत्यक्षात कोणीच लक्ष ठेवत नाही.

तरीही हा निष्कर्ष सर्वांना सरसकट लावता येत नाही. व्रण आत किती रुतला आहे, याला खोली म्हणतात. ती तीन मिलिमीटर किंवा त्याहून कमी असलेल्या रुग्णांत त्या चाचणीत फायदा स्पष्ट झाला नाही, आणि तिथे निर्णय रुग्णासमोर, त्याच्या कामासह, खुला ठेवावा लागतो. तंबाखू-चुन्याची गोळी जिथे ठेवली जाते तिथल्या पांढऱ्या चट्ट्याचे प्रकरण वेगळे आहे. बायोप्सीत, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासणीत, पेशींतील बदल सौम्य निघाले, तर तंबाखू सोडवून चट्ट्याचे मोजमाप नोंदवत थांबता येते. मात्र चट्टा लाल होऊ लागला, हाताला कडक लागला किंवा त्यातून रक्त आले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता पुन्हा तुकडा घ्यावा लागतो.