लाडबोरीच्या आकाशातून आलेली बातमी

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड करत खाली उतरलो की कापसाचा मुलूख मागे पडतो आणि धानाचा मुलूख सुरू होतो. बांधीची शेते, जुने मालगुजारी तलाव, मधूनच मोहाची झाडे. याच वाटेवर चंद्रपूर जिल्ह्यातले सिंदेवाही हे तालुक्याचे गाव लागते. याच तालुक्यातल्या लाडबोरी या खेड्याचे नाव २ एप्रिल २०२२च्या रात्रीपासून दूरदेशीच्या वर्तमानपत्रांतही छापून आले.

तो शनिवार होता. गुढीपाडव्याचा सण आणि शाबानची २९ तारीख. संध्याकाळी रमजानचा चाँद दिसला होता. घराघरांत मुबारकबाद चालली होती, पहिल्या तरावीहची तयारी सुरू होती. अशात पावणेआठच्या सुमारास आकाशातून पेटत्या गोळ्यांची एक रांग सरकत गेली. नागपूर, अकोला, जळगावच नव्हे, तर मध्य प्रदेशातल्या झाबुआ आणि बडवानी जिल्ह्यांतूनही ती दिसली. लोकांनी मोबाईलवर चित्रण केले आणि काही मिनिटांत बातमी फिरली: उल्कावर्षाव!

लाडबोरीत मात्र बातमी आकाशातच राहिली नाही. गावात सामुदायिक जेवणाची तयारी चालू असताना मोकळ्या जागेत मोठा आवाज होऊन धातूचे एक कडे येऊन पडले. व्यास दोन-तीन मीटर, वजन ४० किलोहून अधिक. स्फोट होईल या भीतीने माणसे घरात जाऊन बसली. जिल्ह्यात दुसऱ्या एका गावी धातूचा पोकळ गोळाही सापडला. अल्लाहची मेहरबानी, कोणालाही इजा झाली नाही.

या भागात फिरताना आम्ही रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर हा विषय काढला की माणसे उत्साहाने सांगू लागत. ऐकताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. ‘काय दिसले?’ असे विचारले की उत्तरे बरीचशी जुळत: लाल-पिवळे गोळे, मागे शेपटी, सावकाश गेले. ‘ते काय होते?’ असे विचारले की प्रत्येकाचे उत्तर वेगळे. डोळ्यांनी साक्ष खरी दिली होती. नाव मात्र ज्याने त्याने आपापल्या मनाने ठेवले होते.

खरे तर त्या ‘सावकाश’ शब्दातच उत्तर होते. उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते, पुष्कळदा त्याहून कितीतरी जास्त. म्हणून ती बहुधा दोन-चार सेकंदांत विझते. पृथ्वीभोवती फिरणारे रॉकेटचे तुकडे सेकंदाला साधारण पावणेआठ किलोमीटर वेगाने, जवळजवळ आडवे येतात. ते तुटत, जळत, रांगेने बराच वेळ दिसत राहतात. शिवाय हा उजेड जमिनीपासून कित्येक किलोमीटर उंचावर असतो. त्यामुळे ‘आमच्या टेकडीमागेच पडले’ असे एकाच वेळी दहा गावांना वाटू शकते.

म्हणून जाणकार माणसे साक्षीदाराला मोजके प्रश्न विचारतात. तुम्ही कुठे उभे होता? तोंड कोणत्या दिशेला होते? घड्याळात किती वाजले होते? उजेड किती सेकंद दिसला? दूरदूरच्या दोन गावांतून सांगितलेल्या दिशा नकाशावर आखल्या की त्या वस्तूचा मार्ग हाती लागतो. मग त्या वेळी कोणते जुने रॉकेट खाली येणार होते, याची नोंद पाहतात. त्या रात्री कोणी न्यूझीलंडहून त्याच दिवशी सुटलेल्या रॉकेटचेही नाव घेतले. पण अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितले की, हा चीनच्या ‘चांग झेंग ३बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. ते रॉकेट फेब्रुवारी २०२१मध्ये उडाले होते. पुढे इस्रोचे शास्त्रज्ञही पडलेले तुकडे तपासायला सिंदेवाहीला आले.

वाचक बंधुभगिनींनो, याच संध्याकाळी आपल्या वस्त्यांत दुसरी एक तपासणी झाली होती. चाँदची साक्ष घेताना आपले उलेमा काय विचारतात? कुठून पाहिला, किती वाजता, कोणत्या बाजूला, कोर कशी होती, सोबत कोण होते. साक्ष देणारा नमाजी, भला माणूस असला तरी हे प्रश्न चुकत नाहीत, आणि त्यात त्याचा अपमान आहे असे कोणी मानत नाही. एका रोजासाठी आपण एवढी काळजी घेतो आणि तासाभराने मोबाईलवर आलेला संदेश न वाचताच दहा जणांना पाठवतो!

कुरआनच्या सूरह हुजुरातमधली सहावी आयत आलेली बातमी पडताळून पाहण्याचा हुकूम देते आणि कारणही सांगते: अजाणता कोणाचे नुकसान होऊन मागाहून पस्तावण्याची पाळी येऊ नये. तुटत्या ताऱ्याविषयी तर सहीह मुस्लिममध्ये स्वतंत्र हदीस आहे. एका रात्री तारा तुटला तेव्हा पैगंबरांनी (स.) सोबत्यांना विचारले की, इस्लामपूर्वी तुम्ही याला काय म्हणत होता. कोणी थोर माणूस जन्मला किंवा मेला असे आम्ही समजत असू, असे ते म्हणाले. तारा कोणाच्या जन्मामरणासाठी तुटत नाही, असे पैगंबरांनी (स.) स्पष्ट केले.

लाडबोरीला चुकीच्या बातमीने फारसे बिघडले नाही. उल्केचे रॉकेट झाले एवढेच. पण बातमी आकाशाची नसून शेजाऱ्याची असते, एखाद्या मुलीची किंवा दुसऱ्या जमातीची असते, तेव्हा चुकीच्या नावाने माणसे मरतात, दुकाने जळतात. म्हणून घरातल्या मुलांना आतापासूनच सवय लावू या: कोणी पाहिले, कुठून, केव्हा, आणि पाहिले ते किती व त्यावर रचले ते किती? उत्तर मिळेपर्यंत बोट आवरायचे. आणि आकाशातून पडलेली वस्तू दिसली तर हात न लावता पोलिसांना कळवायचे. रॉकेटच्या टाकीत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. न तपासलेल्या बातमीतही असेच विष असू शकते.