यादीच्या तळाशी माझी दाढ

घरात दुसऱ्या कुणाचा दात दुखला तर आपण त्याला हाताला धरून दवाखान्यात नेतो. स्वतःचा दुखला की लवंग धरून पोळ्या लाटतो. मीही तेच केलं. तीन वर्षांपूर्वी खालची दाढ काढली, ‘नवी बसवू सावकाश’ म्हटलं. मग मुलीची फी आली, घराचा रंग आला. माझी दाढ आपली यादीच्या तळाशी!

यंदा कॉलेज रोडवरच्या डॉक्टरांनी फोटो काढला, तेव्हा कळलं की दात गेला की त्याखालचं हाडही झिजतं. चावण्याचा जोर पडेनासा झाला की शरीर ते हाड राखत नाही. म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा आणि भोवती हाडाची भर घालायची. टायटॅनियमला हाड घट्ट धरतं, हे ब्रोनेमार्क नावाच्या स्वीडिश डॉक्टरांना 1952 साली सशांवरच्या प्रयोगात दिसलं. माणसाच्या जबड्यात त्यांनी तो 1965 साली बसवला.

“पण भर कुणाच्या हाडाची?” मी घाबरतच विचारलं. घरी सासूबाईंचं सोवळं! जनावराच्या हाडाची असते, दान केलेल्या मानवी हाडाची असते आणि कृत्रिमही असते, असं कळलं. मी कृत्रिम घेतली.

“एका दाढेसाठी एवढा खर्च? माझी सगळी बत्तिशी गेली, मी काय केलं?” सासूबाई म्हणाल्या. मला ते लागलं. मी अर्धवेळ शिक्षिका, माझी आठ दिवसांची रजाही बिनपगारी.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी गालावर बर्फ, वीस मिनिटं ठेवायचा, वीस मिनिटं काढायचा. चूळ भरायची नाही, जोरानं थुंकायचं नाही, नळीनं काही ओढायचं नाही. रक्ताची गाठ निघून येते. उशाला दोन उशा. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्याची अलगद गुळणी. खायला गार गुरगुट्या ताकभात, शिकरण, मुगाचं कढण. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, हे ठाऊक असूनही आरशात पाहून मी दचकले. गालात अख्खा लाडू! त्यात रविवारी ह्यांनी मुलांसाठी मिसळ आणली. नाशिककरणीनं मिसळीचा नुसता वास घ्यायचा म्हणजे काय, ते तुम्हीच समजून घ्या.

त्याच दिवशी अचानक पाहुणे आले. कुणी बोलावलं नव्हतं, तरी मी उठले, वाकून पिठाचा डबा ओढला आणि तोंडात रक्ताची चव आली. सासूबाईंनी मला खुर्चीत बसवलं, डॉक्टरांनी दिलेल्या कापसाच्या जाळीची ओली घडी दाताखाली दाबून धरायला लावली आणि ह्यांना फोन करायला सांगितलं. अर्ध्या तासानं रक्त थांबलं. टाके शाबूत होते. बहात्तराव्या वर्षी पोळ्या मात्र त्यांनी लाटल्या.

संध्याकाळी त्या नाचणीची आंबील घेऊन आल्या. तोंडात कवळी नव्हती. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण कवळीशिवाय त्या माझ्यासमोर कधी बसल्या नव्हत्या.

“माझी कवळी सारखी सैल होते, ती ह्याच झिजेनं का गं?”

मी मान हलवली.

“पेरू खाऊन किती वर्षं झाली,” त्या म्हणाल्या आणि वाटी पुढे सरकवली.

बोलवत नव्हतं. मी जुन्या उत्तरपत्रिकेच्या मागे लिहिलं, ‘आई, सांगितलं का नाहीत?’ त्यांनी चष्मा लावून वाचलं, कागदाची घडी केली. बोलल्या काहीच नाहीत.

दहाव्या दिवशी टाके काढायला गेले, तेव्हा त्यांना सोबत नेलं. खालच्या जबड्यात दोन स्क्रू बसवले तर कवळी त्यांवर अडकवता येते, पण आधी रक्तातली साखर पाहायला हवी, असं डॉक्टर म्हणाले. माझा स्क्रू हाडात पक्का व्हायला आणखी चार-पाच महिने आहेत, दाढ त्यानंतर. त्यांची तपासणी येत्या आठवड्यात. “उपाशीपोटीच जायचंय ना? मग एकादशीलाच जाऊ,” असं त्यांनी ठरवून टाकलंय.